नाय बेव्हन यांनी डॉक्टरांना विकत घेतलं का?

सार्वजनिक आरोग्य शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे: ‘ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजे एनएचएस, उभी करणारे मंत्री अनायरिन ऊर्फ नाय बेव्हन हे मूळचे खाणकामगार. शाळा तेराव्या वर्षी सुटलेली. अशा माणसाने अख्ख्या देशातले डॉक्टर एका व्यवस्थेत आणले कसे? “मी त्यांची तोंडं सोन्याने भरली” असं ते म्हणाले होते म्हणे. मग ही लाचच झाली ना? आणि एवढं काम केल्यावर नुसत्या कवळ्या आणि चष्म्यांच्या पैशांवरून मंत्रिपद सोडणं हा हट्ट नव्हता का?’

मी मिरजेला शिकलो आणि नंतरची एकतीस वर्षं साउथ वेल्सच्या कोळशाच्या खोऱ्यांत जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर म्हणून काढली. बेव्हन यांचं ट्रेडीगर गाव माझ्या दवाखान्यापासून गाडीने वीस मिनिटांवर. तुम्ही ज्या तडजोडीबद्दल विचारताय, तिच्यावर माझं घर चाललं. तेव्हा मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण ती तडजोड आतून कशी दिसते, ते मला ठाऊक आहे.

पहिलं म्हणजे ‘शाळा सुटलेला खाणकामगार’ हे वर्णन खरं असलं तरी फसवं आहे. बेव्हन यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८९७ चा, दहा भावंडांच्या घरातला. वडील डेव्हिड खाणीतच होते. तेराव्या वर्षी मुलगाही खाणीत उतरला. लहानपणापासून तोतरेपणा होता. एखादा शब्द अडला की त्याच अर्थाचा दुसरा शब्द शोधायचा, अशी सवय त्यांनी लावून घेतली, आणि त्यापायी शब्दांचा साठा एवढा वाढला की पुढे संसदेत चर्चिलना तोडीस तोड उत्तर देणारा माणूस तयार झाला. गावात कामगारांच्या वर्गणीतून चालणारं वाचनालय होतं, तिथे त्यांनी वाचनाचा सपाटा लावला. १९१९ मध्ये खाणकामगारांच्या युनियनने स्वतःच्या खर्चाने त्यांना लंडनच्या सेंट्रल लेबर कॉलेजात दोन वर्षांसाठी पाठवलं. परत आले तर काम नाही. बेकारभत्ता मिळायचा, तोही पुढे बंद झाला, कारण काय तर घरात बहीण कमावती आहे. १९२५ साली वडील गेले, फुप्फुसात साठलेल्या कोळशाच्या धुळीने, मुलाच्या हातांत. नुकसानभरपाई एक पैसाही मिळाली नाही. तो आजार तेव्हा कायद्याच्या यादीत धंद्यामुळे होणारा आजार म्हणून धरलेलाच नव्हता.

ते मरण कसं असतं ते मी पाहिलं आहे. माझ्या पहिल्या हिवाळ्यात एक निवृत्त खाणकामगार तपासायला यायचे. हातावर निळे व्रण. खाणीत कातडी फाटली की कोळशाची पूड आत राहते आणि जखम तिच्यावरच भरून येते, म्हणून तो रंग कधी जात नाही. खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार देऊन, खांदे वर उचलून बसायचे आणि एक वाक्य पुरं करायला दोनदा थांबायचे. आडवं होता येत नसे, म्हणून वर्षानुवर्षं खुर्चीतच झोपत. असा बाप ज्याने डोळ्यांसमोर पाहिला, आणि बहिणीच्या पगारावर बोट ठेवून ज्याचा भत्ता कापला गेला, त्या माणसाला ‘तुमची ऐपत किती?’ हा प्रश्न आयुष्यभर का झोंबला, ते सांगायला नको. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

आता ट्रेडीगरची दुसरी गोष्ट. गावात मेडिकल एड सोसायटी होती. खाणीतले आणि लोखंडाच्या कारखान्यातले कामगार पगाराच्या प्रत्येक पौंडामागे काही पेन्स कापून द्यायचे. त्या पैशातून सोसायटीने डॉक्टर, सर्जन, दंतवैद्य नेमले होते. औषधं, चष्मे, कृत्रिम पाय, सगळं त्यात येई. चोवीसेक हजार वस्तीच्या गावात जवळजवळ प्रत्येक घर त्यात होतं, बायकामुलांसकट. हे ‘बायकामुलांसकट’ महत्त्वाचं. देशात इतरत्र लॉइड जॉर्ज यांचा १९११ चा विमा कायदा लागू होता. त्यात कमावत्या कामगाराला डॉक्टर मिळे, त्याच्या बायकोला आणि पोरांना नाही. १९४८ च्या जुलैनंतर दवाखान्यांत बायकांची जी रीघ लागली, तिच्या आठवणी त्या काळच्या डॉक्टरांनी सांगून ठेवल्या आहेत: अंग बाहेर आलेलं कापडाची घडी लावून वर्षानुवर्षं आत दाबून ठेवलेलं, कोणाला दाखवलेलंच नाही, कारण दाखवायचं म्हणजे पैसे.

बेव्हन तरुणपणीच गावच्या रुग्णालयाच्या समितीवर होते. सोसायटीचा हिशोब कसा बसतो, डॉक्टर कशावर अडून बसतात, कमिटीत भांडणं कशावरून होतात, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. मंत्री झाल्यावर ‘आम्ही तुमचं ट्रेडीगर करणार आहोत’ असं ते म्हणायचे, ते अगदी शब्दशः खरं होतं.

मधली वर्षं मी भराभर सांगतो. १९२२ मध्ये नगर परिषदेत, १९२६ च्या सार्वत्रिक संपात गावचे पुढारी, १९२९ मध्ये एबू व्हेल मतदारसंघातून खासदार, ते मरेपर्यंत. १९३४ मध्ये जेनी ली यांच्याशी लग्न. त्याही खासदार होत्या, आणि पुढे मुक्त विद्यापीठ उभं करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९३९ मध्ये पक्षाच्या धोरणाविरुद्ध डाव्यांची आणि उदारमतवाद्यांची एकजूट मागितली म्हणून मजूर पक्षाने काढून टाकलं, वर्ष संपायच्या आत परत घेतलं. युद्धकाळात सगळा देश चर्चिलमागे उभा असताना हे संसदेत त्यांच्यावर तुटून पडायचे. १९४२ च्या अविश्वास ठरावावर म्हणाले, पंतप्रधान वादविवाद एकामागून एक जिंकतात आणि लढाया एकामागून एक हरतात. अशा माणसाला मजूर पक्षाचे नवे पंतप्रधान ॲटली यांनी ऑगस्ट १९४५ मध्ये आरोग्यमंत्री केलं. वय ४७, मंत्रिमंडळात सगळ्यांत धाकटे. आधी कधी साधं उपमंत्रिपदही भूषवलेलं नाही.

घरबांधणी खातंही त्यांच्याकडेच होतं, हे बरेच जण विसरतात. घरं हवी तेवढ्या वेगाने झाली नाहीत, पण जी सरकारी घरं झाली ती ऐसपैस. कामगाराच्या घरात खोल्या मोठ्या हव्यात, संडास वरच्या मजल्यावर आणि खालीही हवा, यावर ते अडून बसले. माझे कितीतरी रुग्ण त्या घरांत राहायचे. घरी तपासायला गेलं की पुढच्या काळात बांधलेल्या खुराड्यांतला आणि त्या घरांतला फरक दारातच कळायचा.

आरोग्य सेवेत बेव्हन यांची स्वतःची, कोणाकडून न घेतलेली कल्पना कोणती? मोफत उपचाराची नव्हे. ती सामाजिक विम्यावरच्या १९४२ च्या बेव्हरिज अहवालात होती, युद्धकाळातल्या संयुक्त सरकारच्या १९४४ च्या श्वेतपत्रिकेतही होती. बेव्हन यांची कल्पना रुग्णालयांची. तेव्हा देशात हजाराच्या वर धर्मादाय रुग्णालयं होती, आणि त्याहून जास्त नगरपालिकांची. एक देणग्यांवर जगणारं, दुसरं त्या त्या गावाच्या तिजोरीवर. श्रीमंत भागात सर्जन, गरीब भागात जुनी अनाथालयवजा इमारत. बेव्हन यांनी ती सगळी एका फटक्यात राष्ट्राच्या ताब्यात घेतली. मंत्रिमंडळातच हर्बर्ट मॉरिसन आडवे आले. लंडनच्या पालिकेत हयात गेलेला माणूस, नगरपालिकांची रुग्णालयं काढून घेणं त्यांना कसं पटणार? बेव्हन यांचं उत्तर संसदेच्या कामकाजात आहे. त्याचा भावार्थ असा, की छोट्या रुग्णालयात मायेच्या उमाळ्यात मरण्यापेक्षा मोठ्या रुग्णालयाच्या कोरड्या पण चोख सेवेत जिवंत राहणं मला आवडेल. नोव्हेंबर १९४६ मध्ये कायदा झाला. हुजूर पक्षाने दुसऱ्या आणि तिसऱ्या, दोन्ही वाचनांना विरोधात मत दिलं.

आणि मग डॉक्टर. कायदा झाला तरी डॉक्टरांनी सही केल्याशिवाय सेवा चालणार कशी? ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने फेब्रुवारी १९४८ मध्ये सदस्यांचं मत घेतलं: चाळीस हजारांहून जास्त विरोधात, बाजूने पाच हजारही नाहीत. संघटनेच्या एका माजी सचिवाने तर ही योजना म्हणजे जर्मनीतल्या नाझी राजवटीकडे टाकलेलं पाऊल आहे, असं लिहिलं होतं. डॉक्टरांची भीती मला समजते. आपण सरकारी नोकर होऊ, बदल्या होतील, मंत्री सांगेल ते औषध लिहावं लागेल. त्यात भर म्हणजे प्रॅक्टिस विकण्यावर बंदी येणार होती. तोपर्यंत जीपी आपली प्रॅक्टिस, म्हणजे रुग्णांची यादी, गुडविल म्हणून विकायचा. तरुण डॉक्टर कर्ज काढून ती घ्यायचा आणि निवृत्त होताना पुढच्याला विकायचा. तीच त्याची पुंजी.

यावर बेव्हन यांनी काय केलं ते नीट बघा, सगळं मर्म त्यात आहे. डॉक्टर हा एकच एक गट नाही, हे त्यांनी ओळखलं. लंडनच्या मोठ्या रुग्णालयांतले कन्सल्टंट, म्हणजे तज्ज्ञ डॉक्टर, वेगळे, गल्लीतला जीपी वेगळा. कन्सल्टंटांचे पुढारी होते लॉर्ड मोरान, रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचे अध्यक्ष, चर्चिल यांचे खासगी डॉक्टर. बेव्हन त्यांच्याशी जाऊन बसले. कन्सल्टंटांना काय दिलं? सरकारी पगार घेऊन अर्धवेळ काम आणि उरलेल्या वेळात खासगी प्रॅक्टिस. सरकारी रुग्णालयातच काही सशुल्क खाटा. आणि गुणवत्तेनुसार जादा वेतन. कोणाला किती द्यायचं हे डॉक्टरांचीच समिती ठरवणार, तिचे अध्यक्ष मोरान. ‘सोन्याने तोंडं भरली’ हे वाक्य या कन्सल्टंटांबद्दलचं आहे. ते पुढे खासगी गप्पांत बोलल्याचं सांगतात, संसदेत नव्हे.

जीपींना त्यांनी ७ एप्रिल १९४८ रोजी संसदेत शब्द दिला: पूर्णवेळ पगारी नोकरी तुमच्यावर कधी लादली जाणार नाही, तसा कायदाच करतो. यादीतल्या दर माणशी ठरावीक रक्कम मिळेल, दवाखाना तुमचा, नोकरचाकर तुमचे. प्रॅक्टिस विकता येणार नाही, पण तिच्या बदल्यात भरपाई म्हणून ६ कोटी ६० लाख पौंड बाजूला काढून ठेवले. त्याच वेळी लोकांना सांगितलं, डॉक्टर निवडा आणि नाव नोंदवा. आता विचार करा, शेजारचा डॉक्टर सेवेत गेला आणि मी बाहेर राहिलो तर माझी माणसं उद्या त्याच्या यादीत. मे महिन्यात पुन्हा मत घेतलं तेव्हा विरोध इतका घटला होता, की संघटनेनेच सदस्यांना सहभागी व्हा म्हणून सांगितलं. ५ जुलै १९४८ ला सेवा सुरू झाली.

ही लाच होती का? मी नाही म्हणेन. लाच देणारा स्वतःचं काम साधून घेतो. आपल्याला पुरंदरचा तह माहीत आहे: तेवीस किल्ले दिले, बारा ठेवले. कोणते ठेवायचे, यात सगळी अक्कल. बेव्हन यांनी जे दिलं ते डॉक्टर आणि सरकार यांच्यातलं होतं: पगाराची रीत, खासगी खाटा, मानधन. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातलं त्यांनी काहीच दिलं नाही. उपचाराच्या वेळी पैसे नाहीत, ऐपतीची चौकशी नाही, गावागावाचा वेगळा दर्जा नाही, खर्च करातून. या चारांपैकी एकावरही ते वाटाघाटीला बसले नाहीत. मिरजेत इंटर्न असताना माझं अर्धं काम म्हणजे नातेवाइकांच्या हातात चिठ्ठी देणं. सलाइन, सुई, हातमोजे, टाके घालायचा धागा. तो माणूस चिठ्ठी घेऊन जिना उतरायचा, आणि कधी कधी अर्ध्या तासाने निम्म्याच वस्तू घेऊन वर यायचा. वेल्समध्ये पहिल्या आठवड्यात मी एका बाईंना तपासून रक्ताच्या चाचण्या लिहिल्या आणि सवयीने त्यांच्या नवऱ्याकडे पाहिलं, परवडेल का ते चेहऱ्यावर वाचायला. तो कोट अंगात चढवत होता. त्याच्या डोक्यात तो विषयच नव्हता. बेव्हन यांनी न दिलेला किल्ला तो हाच.

दिलेल्या किल्ल्यांची किंमत मात्र मोजावी लागली, हेही लिहायलाच हवं. जीपी स्वतंत्र राहिले, म्हणजे कुठे दवाखाना थाटायचा हे बऱ्याच अंशी त्यांच्या मनावर. ज्या भागात आधीच डॉक्टर भरपूर तिथे नव्यांना मज्जाव करणारी समिती होती, पण कोळशाच्या खोऱ्यात ये असा हुकूम कोणाला देता येत नव्हता. आमच्याच भागात ग्लिनकोरग नावाच्या खेड्यात जूलियन ट्यूडर हार्ट नावाचे जीपी होते. त्यांनी १९७१ मध्ये ‘उलट्या सेवेचा नियम’ मांडला: जिथे गरज जास्त तिथे चांगली सेवा कमी, आणि बाजाराच्या हाती कारभार जितका जास्त तितकं हे प्रमाण बिघडतं. सार्वजनिक आरोग्य शिकताय तर तो छोटा लेख वाचाच. ही रिकामी गावं भरली कोणी? भारत, पाकिस्तान, श्रीलंका इथून आलेल्या डॉक्टरांनी. स्थानिक पदवीधर ज्या जागांसाठी अर्ज करत नसत, त्या आम्हाला मिळाल्या. माझी स्वतःची जागा अशीच. निवृत्त झालो तेव्हा साडेतीन हजारांची यादी होती आणि विकायला काही नव्हतं. १९४८ चा तो नियम आजही आहे, आणि तो योग्यच आहे. रुग्ण ही माझी मालमत्ता कधीच नव्हती.

आता कवळ्या. एका ऐंशीच्या पुढच्या आजींनी मला सांगितलं होतं, त्यांच्या आईचे सगळे दात लग्नाआधी काढून टाकले होते, चांगले होते तेसुद्धा. माहेरची भेट म्हणून. नवऱ्यावर पुढे दातांच्या खर्चाचा बोजा नको! कामगार वस्त्यांत ही चालच होती. तेव्हा १९४८ मध्ये कवळी आणि चष्मा फुकट मिळू लागल्यावर झुंबड उडाली, यात उधळपट्टी कसली? पहिल्याच वर्षात पन्नास लाखांच्या वर चष्मे गेले. तोवर लोक बाजारात दुकानातल्या ट्रेमधून एकेक चष्मा डोळ्यांना लावून बघत आणि त्यातल्या त्यात बरा दिसेल तो उचलत.

खर्च अंदाजाबाहेर गेला हे खरं. एप्रिल १९५१ मध्ये अर्थमंत्री ह्यू गेट्सकेल यांनी कवळ्या आणि चष्म्यांची अर्धी किंमत रुग्णाकडून घ्यायचं ठरवलं. पहिल्या वर्षी वाचणार होते १ कोटी ३० लाख पौंड. त्याच अंदाजपत्रकाला कोरियन युद्धाच्या वेळी ठरलेल्या शस्त्रखर्चाचा भार होता: तीन वर्षांत ४७० कोटी पौंड. बेव्हन तोवर कामगारमंत्री झाले होते. त्यांनी राजीनामा दिला, त्यांच्याबरोबर हॅरॉल्ड विल्सन आणि जॉन फ्रीमन यांनीही.

हट्ट म्हणाल तर थोडा होता. गेट्सकेल यांच्याशी त्यांचं जमत नव्हतं, अर्थखातं आपल्याला मिळालं नाही याचा सलही होता. आणखी एक गोष्ट त्यांचे चाहते सांगायचं टाळतात. १९४९ मध्ये औषधाच्या चिठ्ठीवर एक शिलिंगपर्यंत शुल्क घेण्याचा अधिकार देणारा कायदा खुद्द बेव्हन यांनीच संसदेतून मंजूर करून घेतला होता. अंमलात आणू दिला नाही, पण दार किलकिलं त्यांच्याच हातून झालं. तरीही मुद्द्यावर ते बरोबर होते, असं माझं मत आहे. एकदा रुग्णाकडून पैसे घेतले की कोणाला माफी द्यायची हे ठरवावं लागतं, आणि माफीसाठी ऐपतीची चौकशी आलीच. बहिणीचा पगार किती, हा प्रश्न परत दारात. शस्त्रखर्चाबद्दल म्हणाल, तर तो कार्यक्रम ठरल्या वेळात पेलणार नाही, हे पुढच्याच सरकारला कळलं. डिसेंबर १९५१ मध्ये चर्चिल यांनी संसदेत कबूल केलं, की बेव्हन अपघाताने का होईना, बरोबर ठरले. आणि १९५२ मध्ये त्याच सरकारने चिठ्ठीमागे एक शिलिंग लावला.

त्यानंतरची वर्षं मला वाचायला जड जातात. पक्षात दोन तट पडले. बेव्हन यांची जीभ सैल. सेवा सुरू होण्याच्या आदल्याच दिवशी हुजूर पक्षाला ‘किड्यांहून नीच’ म्हणून बसले होते आणि ते वाक्य जन्मभर त्यांच्या गळ्यात राहिलं. १९५५ मध्ये नेतेपदाच्या निवडणुकीत गेट्सकेलना १५७ मतं, यांना ७०. १९५७ च्या ब्रायटन अधिवेशनात एकतर्फी अण्वस्त्रत्यागाला विरोध करून त्यांनी आपल्याच लोकांना दुखावलं. त्याआधी १९५३ मध्ये ते भारतात येऊन गेले होते. नेहरूंशी त्यांचा चांगला स्नेह होता. १९५९ मध्ये उपनेते झाले, तोवर पोटात कर्करोग वाढला होता. ६ जुलै १९६० ला गेले, सेवा बारा वर्षांची झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी.

ट्रेडीगर आणि एबू व्हेलच्या मधल्या माळावर, जिथे ते सभा घ्यायचे, चार उभे दगड आहेत. तीन त्यांच्या मतदारसंघातल्या गावांचे, मधला मोठा त्यांचा. वारा इतका असतो की टोपी धरून उभं राहावं लागतं.

वेल्सने १ एप्रिल २००७ पासून औषधांच्या चिठ्ठीवरचं शुल्क पूर्ण बंद केलं. इंग्लंडमध्ये ते अजून आहे. त्या एप्रिलमध्ये दम्याच्या एका मध्यमवयीन रुग्णाने मला विचारलं, ‘डॉक्टर, आता दोन्ही पंप लिहून द्याल का?’ तोवर ते दोनांतला एकच घेत होते, निळा, लगेच आराम देणारा. रोज घ्यायचा तपकिरी मी दर वेळी लिहून द्यायचो, आणि ते तो आणतच नव्हते. अनेक वर्षं. मला कधी बोलले नव्हते.